अकेडियाच्या किनाऱ्यावरच्या छोट्या पायवाटा: कोणती, कधी आणि कोणासाठी

अमेरिकेतल्या बॉस्टनहून अकेडिया पार्काजवळचं बार हार्बर गाव साधारण ४५० किलोमीटर. वाटेत न थांबता गेलं तरी पाच तास. एवढं अंतर कापून, लाटांच्या गडगडाटासाठी गाजलेल्या थंडर होलच्या कठड्याला टेकायचं आणि खाली घळीत पाणी नुसतंच डुचमळताना बघून परत फिरायचं, असं कितीतरी जणांचं होतं. जागा चांगलीच आहे, वेळ चुकलेली असते. म्हणून मेन राज्यातल्या अकेडिया नॅशनल पार्कमधल्या छोट्या पायवाटांबद्दल सांगताना आधी भरती-ओहोटीबद्दल सांगायला हवं. किनाऱ्यावरच्या बहुतेक वाटा दिवसातले ठरावीक दोन-तीन तास जे दाखवतात, ते एरवी दाखवत नाहीत.

इथे भरती आणि ओहोटीच्या पातळीत सरासरी तीन मीटरहून थोडा जास्त फरक पडतो. कोकणातल्या माणसाला हा हिशेब शिकवायला नको: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, अष्टमीला भांग, म्हणजे लहान, आणि भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे. तो इथेही जसाच्या तसा चालतो. उधाणाच्या दिवसांत ओहोटी सकाळी लवकर आणि पुन्हा संध्याकाळी येते, भरती दुपारच्या सुमाराला. भांगाच्या दिवसांत ओहोटी दुपारी येते, पण पाणी तितकं मागे हटत नाही. बार हार्बरचा तक्ता अमेरिकी सरकारच्या नोआ या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. मुक्कामाच्या तारखा ठरल्या की तो आधी उतरवून घ्या आणि मगच कुठली वाट कुठल्या दिवशी ते ठरवा. आत बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते, त्यामुळे कागदावर लिहून घेतलेलं बरं.

एकाच वाटेपुरता वेळ असेल तर ओशन पाथ करा. सँड बीच ते ऑटर पॉइंट, एका बाजूने सुमारे साडेतीन किलोमीटर. वाट पार्क लूप रोडला धरूनच जाते, त्यामुळे काहीजण नाक मुरडतात, गाड्यांचा आवाज येतो म्हणतात. येतो खरा. पण त्याच रस्त्यामुळे ही वाट हवी तिथे अर्धवट सोडता येते, आणि सत्तरीतले आई-बाबा सोबत असतील तर हा गुण फार मोठा आहे. सँड बीचपासून थंडर होलपर्यंतचा किलोमीटरभर भाग जवळपास सपाट आहे, बारीक खडी दाबून बसवलेली. काठी टेकत चालणाऱ्यालाही तो जमतो. त्यापुढे मुळं, दगडी पायऱ्या आणि लहान चढउतार सुरू होतात. गुडघे दुखणाऱ्यांनी थंडर होलपाशी थांबावं, बाकीच्यांनी मॉन्युमेंट कोव्हपर्यंत तरी जावंच. तिथे लाटांनी घासून घासून कलिंगडाएवढे गोटे केलेत, आणि त्यांच्यावरून पाणी मागे सरकताना खडखडाट होतो तो ऐकत उभं राहावं. गोटा उचलून घरी आणायचा मोह होतो. पार्कातून दगड नेणं बेकायदा आहे, मुलांना आधीच सांगून ठेवा. पुढे ऑटर क्लिफचा ३३ मीटरचा सरळ कडा. इथे कठडा सगळीकडे नाही.

थंडर होल कसं चालतं ते कळलं की कधी जायचं तेही कळतं. कातळात एक अरुंद घळ आहे आणि तिच्या टोकाला, पाण्याच्या पातळीला, लहानशी गुहा. लाट आत शिरली की गुहेतली हवा कोंडते. मागून येणारं पाणी तिला दाबतं, आणि हवा-पाणी एकदम बाहेर फुटतं तेव्हा गडगडाट होतो. पूर्ण ओहोटीला गुहेचं तोंड उघडं पडतं, हवा कोंडतच नाही. पूर्ण भरतीला गुहा बुडते, कोंडायला हवाच उरत नाही. म्हणून भरतीच्या आधीचा एक ते दोन तासांचा काळ. त्यातही समुद्रात लाट हवी. पाणी तळ्यासारखं शांत असेल तर कोणी गुळण्या केल्यासारखा आवाज तेवढा येतो. आदल्या दिवशी जोराचा वारा किंवा बाहेर समुद्रात वादळ झालं असेल तर हमखास मजा येते, आणि नेमकी तेव्हाच जागा धोक्याची असते. २००९ च्या ऑगस्टमध्ये बिल चक्रीवादळ दूर समुद्रातून चाललं होतं, किनाऱ्यावर आलंही नव्हतं. लाटा बघायला जमलेल्यांपैकी काहीजण इथल्या खडकांवरून पाण्यात ओढले गेले आणि सात वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला. खालच्या फलाटाची साखळी लावलेली असेल तर ती ओलांडायची नाही. वरच्या रस्त्याकडच्या बाजूनेही सगळं दिसतं.

खडकाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथे घसरून पडणारे बहुतेकजण एकाच प्रकारे पडतात. सह्याद्रीत फिरलेल्यांना काळ्या बसाल्टची सवय असते. इथला कातळ गुलाबी ग्रॅनाइटचा, सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीचा, खरबरीत. कोरडा असेल तर बुटाला अगदी काचकागदासारखा धरून ठेवतो. त्या भरवशावर माणूस पाण्याकडे उतरत जातो. भरतीची रेघ जवळ आली की गुलाबी कातळावर काळा पट्टा सुरू होतो, डांबर सांडल्यासारखा. तो दगडाचा रंग नव्हे, सूक्ष्म शेवाळाचा थर आहे, आणि ओला झाला की साबण लावल्यासारखा होतो. त्याच्या खाली पांढऱ्या, करवतीच्या दातांसारख्या कवचांचा पट्टा लागतो; तिथे पाय घट्ट बसतो, पण हात टेकला तर तळवा सोलतो. त्याहून खाली तपकिरी समुद्री वनस्पतीच्या झिपऱ्या, ज्यांच्यात हवेचे फुगे असतात. त्या झिपऱ्यांखाली फट आहे की दगड, हे वरून कळत नाही. नियम सोपा ठेवा: काळा पट्टा आला की थांबायचं. पुढे जायचंच असेल तर पाणी उतरत असताना, कंबरेतून वाकून, एकेक पाऊल चाचपून. सपाट तळाची चप्पल किंवा गुळगुळीत झालेले चालायचे बूट इथे चालत नाहीत. आई-बाबांसाठी निघण्याआधी खाचा असलेल्या तळाचे बूट घ्या आणि चार दिवस घराजवळ वापरून बघू द्या.

ओशन पाथ जिथून सुरू होतो तो सँड बीच लहानसाच, पण त्याची वाळू तळहातावर घेऊन बघण्यासारखी आहे. तिच्यात शंख-शिंपल्यांचा चुरा भरपूर. निळसर जांभळे तुकडे कालवांसारख्या शिंपल्यांचे, आणि शेवयांच्या तुकड्यांसारखे हिरवट काटे समुद्री साळिंदराचे, म्हणजे काटेरी गोल जीव असतो त्याचे. पाण्याचं तापमान मात्र भर ऑगस्टातही १३ अंशांच्या वर क्वचितच जातं. गुडघाभर पाण्यात दोन मिनिटं उभं राहिलं की पायाची हाडं दुखायला लागतात. गोव्याच्या किनाऱ्याच्या हिशेबाने पोहायचे कपडे घेऊन येऊ नका.

त्याच बीचच्या पूर्व टोकाला ग्रेट हेडची वाट लागते. वळसा सुमारे अडीच किलोमीटरचा, एक ते दीड तास. आधी वाळूतून शेवटपर्यंत चालत जायचं, मग समुद्राला मिळणारा ओहळ ओलांडायचा. भरतीच्या वेळी किंवा पावसानंतर इथे बूट भिजतात, म्हणून ओहोटीला जावं. लगेच दगडी पायऱ्यांचा खडा चढ. वर गेल्यावर उजवीकडे वळून समुद्र उजव्या हाताला ठेवत चालायचं. खुणा निळ्या रंगाच्या पट्ट्यांच्या, खडकावर आणि झाडांवर. उघड्या कातळावर पट्टी दिसेनाशी झाली तर पुढे जाऊ नका, मागच्या पट्टीपाशी परत या. वाट चुकते ती हमखास अशाच ठिकाणी. माथा ४५ मीटरच्या आसपास, पण चढ-उतार कातळाचे असल्याने हात लावावे लागतात. वर एका दगडी चहाघराचे अवशेष आहेत, १९४७ च्या मोठ्या वणव्यात ते जळलं. आमच्या मते ओशन पाथपेक्षा इथला देखावा सरस आहे आणि गर्दी निम्मीही नसते. लहान मुलांना आवडेल, आजी-आजोबांना नाही. बीचच्या पार्किंगला जागा नसेल तर स्कूनर हेड रोडकडून या वाटेसाठी वेगळं छोटं पार्किंग आहे.

समोरच बीहाइव्ह नावाचा डोंगर दिसतो आणि नकाशावर त्याचं अंतरही दोन-अडीच किलोमीटरच लिहिलेलं असतं. त्याला छोटी वाट समजून चढू नका. तिथे कड्याला ठोकलेल्या लोखंडी कांबी धरून चढायचं असतं, बाजूला आधार नाही. एकदा वर निघालं की त्याच वाटेने उतरणं अवघड आणि मागच्यांची रांग अडवणारं. धुकं किंवा पाऊस असेल तर अजिबातच नाही.

बार आयलंडला जाण्यासाठी तर तक्ता हातात असल्याशिवाय पाऊलही टाकू नये. बार हार्बर गावातल्या ब्रिज स्ट्रीटच्या टोकाला उभं राहिलं की ओहोटीत समुद्रातून गोट्या-खडीचा एक बांध वर येतो आणि समोरच्या बेटापर्यंत चालत जाता येतं. हाजीअलीची वाट बघितलेल्यांना कल्पना लगेच येईल, फक्त इथे बांधकाम काही नाही, तळ नैसर्गिक आहे. ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास, एवढीच मुभा. पलीकडे जंगलातून सौम्य चढाने बेटाच्या माथ्यावर गेलं की बार हार्बर गाव आणि मागे डोंगरांची रांग एका नजरेत येते. जाऊन-येऊन साधारण तीन किलोमीटर.

लोक अडकतात ते ‘अजून पाणी कुठे आलंय’ या भ्रमामुळे. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीनंतरच्या पहिल्या दीड तासात ते जेमतेम अर्धा मीटर वर येतं, पण त्यापुढच्या दीड तासात एक मीटरहून जास्त. माथ्यावरून बघताना बांध कोरडा दिसतो आणि खाली उतरेपर्यंत मधला सखल भाग पाण्याखाली गेलेला असतो. पाणी बर्फगार, ओढ आडवी. अडकलात तर पुढच्या ओहोटीपर्यंत, म्हणजे नऊएक तास बेटावर, नाहीतर पैसे मोजून बोट. हे टाळायचं तर ओहोटीच्या आधी तासभर निघा आणि ओहोटीच्या वेळेनंतर पाऊण तासात बांधावर परत पोचा. बांधावर गाडी नेऊन उभी करणारेही असतात. पाण्यात बुडालेल्या गाडीचे फोटो दरवर्षी बघायला मिळतात. गाडी गावात ठेवा. बेटाला जाण्याची सगळ्यात चांगली वेळ उतरत्या पाण्याची: बांध उघडा पडत जातो, डबक्यांत खेकडे आणि छोटे शंख दिसतात, आणि हातात वेळ असतो.

शांतता हवी असेल तर माउंट डेझर्ट आयलंडच्या, म्हणजे बार हार्बर आणि पार्कचा बहुतेक भाग ज्या मोठ्या बेटावर आहे त्याच्या, पश्चिम भागात जा. हा अर्धा भाग बहुतेक मंडळी वगळतात. तिथल्या वंडरलँड आणि शिप हार्बर या दोन वाटा एकमेकींच्या शेजारी, १०२ ए रस्त्यावर, दोन्ही जाऊन-येऊन दोन किलोमीटरच्या थोड्या पुढे. वंडरलँड म्हणजे जुना खडीचा रस्ताच. रुंद, सौम्य उताराचा, देवदारासारख्या सूचिपर्णी झाडांतून जाणारा. शेवटी गोट्यांचा किनारा. ओहोटीच्या तासभर आधी तिथे पोचलात तर कातळातल्या डबक्यांमध्ये बसल्या बसल्या तासभर जातो. बघताना जीव उचलून बाहेर काढू नका, उलटवलेला दगड पुन्हा तसाच ठेवा. त्याच्या खालचं जग उन्हात तासाभरात सुकून मरतं. शिप हार्बर इंग्रजी आठच्या आकाराची, आतल्या खाडीला वळसा घालून तोंडापर्यंत नेणारी. सुरुवातीचा भाग सपाट खडीचा, पुढे मुळं आणि कातळ. दोन्हींतली एकच करायची तर वृद्ध सोबत असताना वंडरलँड, नाहीतर शिप हार्बर. जवळच १८५८ चं बास हार्बरचं दीपगृह आहे, पण त्याच्या छोट्याशा पार्किंगसाठी सूर्यास्ताला जी रांग लागते, ती बघता तिथे सकाळीच जाऊन यावं.

जॉर्डन पाँड समुद्रावर नाही, तरी त्याला वगळता येत नाही. तळ्याभोवतीचा वळसा सव्वापाच किलोमीटर, दोन ते अडीच तास. पूर्व काठ सपाट खडीचा. पश्चिम काठावर दगड, मुळं आणि मग दलदलीवरून गेलेल्या लाकडी फळ्यांची लांबलचक वाट, एका वेळी एकच माणूस मावेल एवढी. समोरून कोणी आलं तर एकाने बाजूला थांबायचं. पावसात फळ्या निसरड्या होतात. म्हणून उजवीकडून, पूर्वेकडून सुरुवात करा: दोन बबल्स डोंगर समोर राहतात, आणि थकवा आला तर सोप्या वाटेनेच परत फिरता येतं. तळं आसपासच्या वस्तीच्या पिण्याच्या पाण्याचं आहे, पोहणं किंवा पाय बुडवणंही मना.

तिथल्या जॉर्डन पाँड हाउसचे पॉपओव्हर फार गाजलेले. अंडी, दूध आणि मैद्याचं पातळ पीठ तापलेल्या साच्यात भाजतात. वाफेने ते टम्म फुगतं, वरून कडक, आत पोकळ, फोडलं की वाफ येते. लोणी आणि स्ट्रॉबेरी जॅम लावून गरमच खायचं. दहा मिनिटं गेली की चामट होतं. अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, पीठ फुगतं ते अंड्याच्याच जोरावर. पार्कात बसून जेवायची जागा हीच एक आणि दुपारी ताटकळावं लागतं. दशम्या, धपाटे, सुकी चटणी असं काही बांधून न्या. किनाऱ्यावर खाताना डबा उघडा ठेवू नका, समुद्रपक्षी हातातला घास नेतात.

कॅडिलॅक डोंगराच्या माथ्याबद्दल थोडक्यात. ४६६ मीटर उंची, वर अर्ध्या किलोमीटरचा फरसबंद फेरा, आजी-आजोबांना सहज जमणारा. कोकणातल्या सड्यासारखा उघडा कातळमाथा, खाली बेटंच बेटं. २०२१ पासून मे अखेर ते ऑक्टोबर अखेर गाडीला आधी आरक्षण लागतं, गाडीमागे ६ डॉलर, ते रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर. दारावर तिकीट मिळत नाही. काही जागा ९० दिवस आधी खुल्या होतात, बऱ्याचशा दोन दिवस आधी सकाळी दहा वाजता. सूर्योदयाचं आरक्षण प्रवेशाच्या तिकिटापेक्षा वेगळं, आणि त्यासाठी जुलैतही जाड जाकीट लागतं. सूर्योदयाचं नाही मिळालं तर हळहळू नका: तोच सूर्योदय ओशन पाथवरच्या कातळावरून, आरक्षणाशिवाय, लाटांच्या आवाजासकट दिसतो, आणि सँड बीचला त्या वेळी पार्किंगही मिळतं.

पार्किंग हीच तर उन्हाळ्यातली खरी अडचण. सँड बीच आणि जॉर्डन पाँड दोन्हीकडे सकाळी नऊच्या आतच जागा संपते. लूप रोडच्या एकेरी भागात, मनाईची पाटी नसेल तिथे उजव्या लेनमध्ये गाडी लावता येते. पण एकेरी म्हणजे एकेरी, जागा हुकली तर पूर्ण फेरा. त्यापेक्षा जूनच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालणारी आयलंड एक्सप्लोरर बस घ्या, ती फुकट आहे. ओशन पाथ एका बाजूने चालून पुढच्या थांब्यावरून बसने परतता येतं. कॅडिलॅकच्या माथ्यावर मात्र ही बस जात नाही. शेवटच्या बसची वेळ थांब्यावरच बघून ठेवा.

प्रवेश गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवसांसाठी. भारतातून पाहुणे आले असतील तर आणखी एक हिशेब धरा: २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षांवरील प्रत्येकासाठी अकेडियासह ११ पार्कांत १०० डॉलर जादा आकार लागू झाला आहे. आई-बाबा दोघे असतील तर खर्च एकदम वाढतो, तेव्हा तुमच्याकडे वार्षिक पास असला तरी निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावरचे नियम वाचून घ्या.

मे मध्यापासून जून मध्यापर्यंत बारीक काळ्या माशा कानामागे आणि केसांच्या रेषेत चावतात, त्यानंतर डास. सप्टेंबर सगळ्यात चांगला. पानांचे रंग ऑक्टोबरच्या मध्याला भरात येतात, पण गर्दीही. जून-जुलैत धुकं सकाळभर बसून राहू शकतं. अशा दिवशी कॅडिलॅकला जाऊ नका, वंडरलँडला जा. धुक्यात ते जंगल जास्तच सुंदर दिसतं. आणि वाट कुठलीही असो, गवताला पाय लागले असतील तर खोलीवर आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कंबरपट्ट्यापाशी आणि मुलांच्या केसांत गोचीड शोधा. लाइम रोग पसरवणारी गोचीड खसखशीच्या दाण्याएवढीही असते. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका, तेल किंवा काडेपेटी लावू नका. २४ तासांच्या आत निघाली तर लागण होण्याची शक्यता फार कमी.